पिवळीं रोपें आणि उतावळे उपचार

रोपें पिवळीं दिसूं लागलीं कीं औषधाची बाटली उघडावयाची, ही चाल भाजीपाला पिकविणाऱ्या आपल्या शेतकरीवर्गांत अलीकडे इतकी रुळली आहे कीं, तिच्याविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. टोमॅटो, मिरची, वांगीं, कोबी यांचीं रोपें पूर्वीं शेताच्या कोपऱ्यांत गादीवाफ्यावर होत असत. आतां तीं बहुतेक शेडनेटखालीं, पॉलिहाऊसमध्यें, क्वचित् घराच्या ओसरीवरही, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्यें कोकोपीट भरून होतात. हा बदल चांगलाच झाला असें आमचें मत आहे. महागडें संकरित बियाणें वायां जात नाहीं, मुळें न तुटतां रोप शेतांत जातें, आणि पहिल्या तीन-चार आठवड्यांत किडींपासून त्याचा बचाव होतो. परंतु रोप छपराखालीं आणल्याबरोबर त्याच्या जिवाची सर्व जोखीम आपल्या अंगावर आली, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

गादीवाफ्यावर आपल्या हातून झालेली हयगय जमीन पोटांत घालते. पाणी अधिक झालें तर तें खालीं निघून जातें; कमी पडलें तर मुळें खोल जाऊन ओल शोधतात; अन्न एके ठिकाणीं नसलें तर दुसऱ्या ठिकाणीं सांपडतें. ट्रेमधील ९८ किंवा १०४ खळग्यांपैकीं एकेकांत जेमतेम दोन-तीन चमचे कोकोपीट मावतें. पाणी, हवा, अन्न आणि क्षार या चोहोंचा मेळ तेवढ्यांत बसला पाहिजे. तो बिघडला कीं थोड्याच दिवसांत पानांचा रंग उतरतो, आणि आपण कृषि सेवा केंद्राची वाट धरतों. तेथें ‘रोपें पिवळीं पडलीं’ एवढेंच सांगितलें जातें, आणि तेवढ्यावरच टॉनिक, ह्युमिक, सूक्ष्मद्रव्यें व एखादें बुरशीनाशक अशी मोट बांधून मिळते. अंगांत ताप आहे एवढ्यावरून चांगला वैद्य औषध देत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, काय खाल्लें तें विचारतो. रोपाचा पिवळेपणा हा तापासारखाच आहे. तें लक्षण होय. रोग निराळाच असतो.

पान हिरवें दिसतें तें हरितद्रव्यामुळें. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचा एक अणु असून त्याभोंवतीं नत्राचे चार अणु असतात. लोह त्याच्या घटनेंत नाहीं, पण लोहावांचून तें तयार होत नाहीं. आणि उजेड नसेल तरीही तें तयार होत नाहीं. म्हणजे नत्र, मॅग्नेशियम, लोह, उजेड यांपैकीं कोणतेंही एक उणें पडलें तरी पान पिवळें पडतें. आणि मूळच आजारी असेल तर नत्रापासून लोहापर्यंत सर्वच उणें पडतें. इतक्या निरनिराळ्या दुखण्यांचा रंग एकच असल्यामुळें केवळ रंगावरून औषध देणारा मनुष्य अंधारांत दगड मारीत असतो.

तरीही रोप मुकें नाहीं. पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला हें पाहिलें तर अर्धें निदान होतें. नत्र आणि मॅग्नेशियम हीं रोपाच्या अंगांत फिरतीं द्रव्यें आहेत. घरांत धान्य कमी पडलें म्हणजे आई आपल्या ताटांतलें लेंकराच्या ताटांत वाढते. तसेंच रोप हीं द्रव्यें जुन्या पानांतून काढून शेंड्याच्या कोंवळ्या पानांस पुरवितें. म्हणून खालचीं पानें सबंध फिकीं पडून शेंडा हिरवा राहिला असेल तर नत्राची उणीव समजावी. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला असेल तर मॅग्नेशियमची. लोह एकदां जुन्या पानांत बसलें कीं तेथून सहसा हलत नाहीं. त्यामुळें लोहाची उणीव शेंड्याच्या पानांवर दिसते. शिरांचें हिरवें जाळें स्पष्ट उमटतें आणि मधला भाग पिवळा, पुढें पांढुरका होतो. चुनखडीच्या रानांतील उसावर ज्यास आपण ‘केवडा’ म्हणतों तो बहुधा हाच प्रकार होय. शेंड्याचीं पानें शिरांसकट फिकीं झालीं असतील तर गंधकाचा संशय घ्यावा. पानांच्या कडा करपल्या असतील तर क्षारांकडे पाहावें. सगळेंच रोप फिकें, दांडा लांब आणि किडकिडीत असेल तर उजेड कमी आहे. पानें पिवळीं होऊन वर वळलीं, आंखडलीं आणि वाढ खुंटली, तर पांढरी माशी पर्णगुच्छाचा विषाणु घेऊन आली असण्याचा संभव आहे. त्यास औषध नाहीं. असें रोप उपटून नष्ट करावें आणि जाळीचीं भोकें बुजवावीं. याउलट, उगवतेवेळचीं पहिलीं दोन बीजपत्रें लावणीच्या सुमारास पिवळीं पडलीं तर चिंतेचें कांहींच कारण नाहीं. त्यांचें काम संपलेलें असतें.

पान पाहून झालें कीं मूळ पाहावें. हें काम आपल्याकडे जवळजवळ कोणीच करीत नाहीं, आणि आमच्या मतें सर्व चुकीच्या उपचारांचें मूळ येथेंच आहे. काय उणें आहे तें पान सांगतें. कां उणें आहे तें मूळ सांगतें. ट्रेच्या निरनिराळ्या भागांतून चार-पांच रोपें खालून दाबून अलगद बाहेर काढावीं. निरोगी रोपाचीं मुळें पांढरीं, बारीक फाटे फुटलेलीं व कोकोपीट घट्ट धरून ठेवणारीं असतात. मुळें तपकिरी, मऊ झालीं असतील, चिमटींत धरून ओढतांच त्यांची साल सुटून आंतला दोरा तेवढा हातांत राहत असेल, तर तें रोप उपाशी नसून त्याचें तोंडच बंद झालें आहे असें समजावें. अशा रोपास खत घालणें म्हणजे अजीर्ण झालेल्यास पुरणपोळीचा आग्रह करणें होय.

मूळ बिघडण्याचें पहिलें कारण अतिपाणी. वाफसा म्हणजे काय हें आपल्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. पण जो मनुष्य वाफसा आल्यावांचून शेतांत औत घालीत नाहीं, तोच ट्रेवर दिवसांतून तीन वेळां झारी फिरवितो. खळगा जितका उथळ तितकें त्याच्या तळाशीं पाणी अधिक थांबतें. कोकोपीट वरून कोरडें दिसलें तरी तळाशीं चिबड झालेलें असतें. मुळांस हवा मिळत नाहीं, आणि पिथियमसारख्या बुरशीस आयतेंच घर मिळतें. मग कांहीं रोपें बुडाशीं बारीक होऊन कोलमडतात आणि उरलेलीं पिवळीं पडतात. यावर उपाय बिनपैशाचा आहे. ट्रे उचलून त्याचा भार पाहावा. हलका लागला तरच पाणी द्यावें. पाणी सकाळीं द्यावें, सायंकाळीं देऊं नये. ट्रे जमिनीवर किंवा कागदावर न ठेवतां मांडवीवर ठेवावेत, म्हणजे खालच्या भोकांस हवा लागते. कोलमडलेलीं रोपें खळग्यांतील कोकोपीटसकट काढून टाकावींत, आणि बुरशीनाशकाची आळवणी करावयाची ती कृषि विद्यापीठाच्या शिफारशीच्या मात्रेंत, पाण्याची शिस्त बसविल्यानंतर करावी. आधीं औषध आणि मागाहून शिस्त, असें केल्यास औषधाचा पैसा वाहून जातो.

दुसरें कारण क्षार. कोकोपीट हा नारळाच्या सोढणाचा भुसा. तो खाऱ्या हवेंत वाढलेल्या आणि पुष्कळ वेळां खाऱ्या पाण्यांत कुजविलेल्या सोढणांतून येतो, त्यामुळें न धुतलेल्या मालांत सोडियम, पालाश व क्लोराईड यांचे क्षार असतात. शिवाय हा भुसा चुना व मॅग्नेशियम आपल्याकडे ओढून धरतो आणि सोडियम सोडतो. म्हणून वीट फोडून भिजविल्यावर तो गोड पाण्यानें दोन-तीन वेळां धुवावा, शक्य तर कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य पाण्यांत भिजवून पुन्हां धुवावा. निथळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता १ डेसिसायमनच्या आंत आल्याशिवाय त्यांत बीं टाकूं नये. रोपें उगवल्यावर क्षारांचा त्रास दिसला तर एकदांच भरपूर गोडें पाणी देऊन क्षार खालीं धुवून काढावेत आणि मग ट्रे चांगला निथळूं द्यावा. कालव्याखालीं रान खारवटलेलें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस निचऱ्याचें महत्त्व अधिक सांगणें नलगे.

तिसरें कारण पाण्याचा सामू. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचें व बोअरचें पाणी जड आहे. पाणी तापविण्याच्या भांड्यांत व ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर बसतो तो याच जडपणाची खूण. असें पाणी रोज घातल्यानें त्या दोन-तीन चमचे कोकोपीटचा सामू चढत जातो. ५.५ ते ६.५ या दरम्यान रोप सुखी असतें. सामू ७ च्या वर गेला कीं लोह असून नसल्यासारखें होतें. येथें हिराकस ओतून उपयोग नाहीं. तोही तेथेंच अडकून पडतो. पाण्यांतच थोडें सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल मिसळून त्याचा सामू ६ च्या आसपास आणावा. आम्ल पाण्यांत घालावें, पाणी आम्लांत कदापि ओतूं नये. तोंवर शेंडा सांवरण्यासाठीं इडीटीए प्रकारचें चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणांत उन्हें उतरल्यावर फवारावें.

उणीव लोहाचीच आहे कीं नाहीं हें ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत युसेब ग्री नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पिवळ्या पानांस लोहाच्या क्षाराचें पाणी लावून तीं हिरवीं होतात असें दाखवून दिलें. तोच प्रयोग आपण करावा. पिवळ्या पानाच्या एका अर्ध्या भागास लोहाचें सौम्य पाणी कापसाच्या बोळ्यानें लावावें, दुसरा अर्धा तसाच सोडावा. चार-सहा दिवसांत लावलेला भाग हिरवा झाला तर निदान ठरलें. न झाला तर लोहाचा खर्च वांचला. पावणेदोनशें वर्षांपूर्वींची ही परीक्षा आजही एका पानाच्या खर्चांत होते, आणि तरीही आपण शेकडों रुपयांच्या बाटल्या अंदाजानें घेतों, याचें आम्हांस नवल वाटतें.

उजेडाविषयीं थोडक्यांत सांगतों. उन्हाळ्यासाठीं बांधलेली दाट जाळी पावसाळ्याच्या ढगांत तशीच ठेवली, तिच्यावर धूळ व शेवाळ सांचलें, कीं आंत रोपांस पुरेसा उजेड मिळत नाहीं. मनुष्याचा डोळा अंधारास लवकर सरावतो. ओसरीवर आपणांस लख्ख वाटतें तेथें रोप उपाशी असतें. अशीं रोपें एकदम उन्हांत आणूं नयेत. पहिल्या दिवशीं सकाळचें तास-दोन तास ऊन, मग थोडें थोडें वाढवीत आठवड्याभरांत पूर्ण ऊन द्यावें. लांबलेला दांडा पुन्हां आंखूड होत नाहीं. पण टोमॅटोच्या दांड्यास मुळें फुटतात, म्हणून तीं रोपें लावतांना थोडीं खोल लावल्यास निभावतें. थंडीचाही विचार ठेवावा. निफाडच्या बाजूस पारा उतरतो त्या दिवसांत मुळें गारठून अन्न घेण्याचें मंदावतात, आणि टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळट होते. तेथें खतापेक्षां रात्रीं आच्छादन घालणें व थंडगार पाणी न देणें अधिक उपयोगी पडतें.

एवढें सर्व तपासून झाल्यावर भूक हें कारण उरतें. कोकोपीटमध्यें रोपाच्या उपयोगाचें नत्र जवळजवळ नसतें, म्हणून पहिलीं खरीं पानें फुटल्यावर अन्न द्यावेंच लागतें. तें सौम्य असावें. १९:१९:१९ हें विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम टाकलें म्हणजे त्या पाण्यांत सुमारें ९५ मिलिग्रॅम नत्र होतें. दर दोन-तीन पाण्यांआड एवढें दिलें तरी लहान रोपास पुरतें. मॅग्नेशियमची खूण दिसल्यास मॅग्नेशियम सल्फेट लिटरला एक ग्रॅम घेऊन फवारावें. आणि कोणताही उपचार करतांना एक ट्रे तसाच सोडावा. उपचार केलेला व न केलेला असे दोन ट्रे शेजारीं ठेवल्यावांचून कशानें गुण आला हें कळत नाहीं. रोप आपोआप सांवरतें आणि श्रेय बाटलीस मिळतें. गुण पाहावयाचा तो नव्या पानांवर. जुनीं पानें पुन्हां पूर्ण हिरवीं झालीं नाहींत म्हणून दुसरा डोस देणें ही मोठी चूक होय.

आतां या प्रश्नाची बाजाराकडील बाजू. आपल्यांतील पुष्कळ जण रोपें विकत घेतात, आणि घेतांना रंग पाहतात. पाऊस लांबला कीं लावणी लांबते, आणि २१ ते २५ दिवसांत शेतांत जावयाचें टोमॅटोचें रोप ३५-४० दिवस ट्रेमध्यें अडकून पडतें. मुळें खळग्यांत गोल फिरून गुंततात, अन्न संपतें, रोप पिवळें पडतें. गिऱ्हाईक पिवळें रोप उचलीत नाहीं. म्हणून नत्राचा एक जोरकस फवारा मारला जातो आणि तें रोप चार दिवस हिरवेंगार दिसतें. शेतांत गेल्यावर तें जमिनीस लवकर धरत नाहीं, अकालीं फुलावर येतें आणि फुटवा कमी करतें. पहिला तोडा आठ-दहा दिवस मागें पडला तर कधीं कधीं चांगला भाव आणि मातीमोल भाव यांतलें अंतर तेवढेंच असतें. आणि पिकावर काढलेलें सोसायटीचें कर्ज तर तारखेस थांबत नाहीं. यांत दोष एकट्या रोपवाटिकावाल्याचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जो रंगाचा भाव देतो त्यास रंगच मिळतो.

महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं भाजीपाल्याच्या रोपांसाठीं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना काढली, ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु अनुदानानें जाळी उभी राहते, ट्रे येतात. रोपाची पारख मात्र ज्याची त्यानेंच कमवावी लागते. ती कमविण्यासाठीं आपल्या मंडळानें तीन गोष्टी हातीं घ्याव्यात अशी आमची सूचना आहे. पहिली, सामू मोजण्याचें व विद्युतवाहकता मोजण्याचें अशीं दोन लहान यंत्रें मंडळाच्या खर्चानें प्रत्येक गांवांत ठेवावींत, आणि पावसापूर्वीं एकदां व पावसानंतर एकदां सभासदांच्या विहिरींचें पाणी मोजून तें वहींत मांडावें. एका घरास जड वाटणारा हा खर्च गांवास मुळींच जड नाहीं. दुसरी, मंडळाच्या सभासदांनीं रोपें घेतांना प्रत्येक खेपेबरोबर चिठ्ठी मागावी; तिच्यावर वाण, बियाण्याचा लॉट, पेरणीची तारीख, आणि कोणतें खत व औषध केव्हां दिलें हें लिहिलेलें असावें. बियाण्याच्या पुडीवर उगवणशक्ति व तपासणीची तारीख छापलेली असते, आणि पुडीहून कितीतरी महाग पडणाऱ्या रोपांबरोबर बहुधा कोरा कागदही येत नाहीं, हें चालूं देणें आपल्याच गाफीलपणाचें द्योतक आहे. तिसरी, माल उतरवून घेण्यापूर्वीं निरनिराळ्या ट्रेमधून पांच रोपें उपटून मुळें पाहण्याचा रिवाज पाडावा. जो रोपवाटिकावाला यास आनंदानें तयार होईल त्यास दोन पैसे अधिक देण्यास कोणी कांकूं करूं नये. कारण चांगल्या कामास भाव मिळाला तरच चांगलें काम टिकतें.

कोणी म्हणेल, इतकें पाहावयास वेळ कोणास आहे? त्यास आमचें उत्तर असें कीं, ट्रे उचलून भार पाहणें, एक रोप काढून मूळ पाहणें आणि पिवळेपणा खालून आला कीं वरून हें ठरविणें, यास सकाळचा पाव तासही लागत नाहीं. दुकानापर्यंत जाऊन येण्यास याहून अधिक वेळ लागतो. पुढच्या हंगामाच्या पेरण्या सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें निदान आपल्या विहिरीचें पाणी तपासून घ्यावें, आणि ज्यांनीं दोन ट्रेंचा पडताळा घेतला असेल त्यांनीं त्याची हकीकत, गुण आला असो वा नसो, मंडळाकडे लिहून पाठवावी. दहा गांवच्या अशा हकीकती एकत्र झाल्या म्हणजे आपल्या भागांत रोपें कशानें पिवळीं पडतात हें आपणांस दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.